राजश्रीच्या खळ्यातली पिकअप

संदेश शिवलकरने पिकअप घ्यायचं ठरवलं तेव्हा राजश्रीला कुणी काही विचारलं नाही. गाडी दारात आली त्या दिवशी ओवाळणीचं ताट तेवढं तिच्या हातात देण्यात आलं. पांढरी, डबल केबिनची, मागे हौदा, आणि चढावर पुढची चाकंसुद्धा ओढायला लागणारी. कोल्हापूरकडच्या कुणा ठेकेदाराने वापरलेली होती, पण इंजिन ठणठणीत. संदेशने बॉनेट उघडून कान लावला आणि आईला म्हणाला, "बघ कशी बोलते." सगुणाबाईंना इंजिनाच्या आवाजातलं काही कळत नव्हतं, तरी त्या मान हलवून म्हणाल्या, "बोलते बाबा, बोलते."

संदेश मालवाहू बोटीवर इंजिन रूममध्ये फिटर. वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर, बाकीचे घरी. घर पावस रस्त्यावरून खाली खाडीकडे उतरणाऱ्या एका वाडीत, आणि आंब्याची कलमं वर सड्यावर, कातळाच्या पठारावर. बागेकडे जायची वाट म्हणजे उभी चढण, कातळाचे उंचवटे आणि पावसाने खोदलेले चर. टेम्पोवाले निम्म्यात थांबत. पुढचा रस्ता पेट्या डोक्यावर घेऊन. स्वतःच्या गाडीने थेट बागेत जाऊन उतरायचं, हे संदेश लग्नाच्या आधीपासून बोलत आला होता, त्यामुळे राजश्रीला गाडीचा तसा राग नव्हता. राग आला तो शेडचा.

घराच्या उजव्या अंगाला सारवलेलं खळं होतं. राजश्री तिथे कोकमाची सोलं वाळत घालायची, कुळीथ झोडायची, दुपारी भांडी आवरली की पाच मिनिटं पाय पसरून बसायची. ते सगळं खळं गाडीला गेलं. वर निळा पत्रा आला, खाली कोबा झाला, बाजूने जाळी लागली. स्वयंपाकघराच्या जुन्या पत्र्यातून मात्र पाणी ठिबकत होतं आणि पावसाळ्यात तिला चुलीपाशी दोन पातेली मांडून ठेवावी लागत.

"पुढच्या कॉन्ट्रॅक्टला तुझं करू," संदेश म्हणाला.

तुझं! म्हणजे स्वयंपाकघर तिचं आणि शेड घराची. जूनमध्ये संदेश बोटीवर गेला. जाताना त्याने आईला नमस्कार केला, लेकीच्या, ईशाच्या, डोक्यावर हात ठेवला, राजश्रीला "जप गो" म्हणाला, आणि रिक्षा सुरू झाल्यावर "एक मिनिट, एक मिनिट" करत खाली उतरून शेडमध्ये गेला. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. राजश्री दारातून बघत होती. तिच्यासाठी तो रिक्षातून उतरला नव्हता.

आता बोटीवर इंटरनेट असतं. दोन-तीन दिवसांनी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. जेवलीस काय, ईशाचा अभ्यास, आईचा गुडघा, असं भराभर विचारून झालं की तो म्हणायचा, "गाडी दाखव जरा." मग राजश्री फोन घेऊन शेडमध्ये जायची. पुढून दाखव, बाजूने दाखव, खाली वाकून चासीचा सांगाडा दाखव. घराविषयी बोलताना त्याचं लक्ष अर्धं असायचं, गाडी दिसली की आवाज बदलायचा. गणपतीत तिने नवी अबोली रंगाची साडी नेसली होती, केसांत वेणी होती. फोन धरून ती गाडीपाशी उभी राहिली, मुद्दाम अशी की आपणही दिसू.

"राजश्री, जरा बाजूला हो ना," तो म्हणाला. "मागचा टायर दिसत नाय."

ती बाजूला झाली. त्या दिवशी तिने ईशाला विनाकारण ओरडा दिला आणि मोदकाच्या सारणात वेलची घालायची विसरली.

पण गाडीवर जळणं हे तिला स्वतःलाच वेडेपणाचं वाटायचं. लोखंडावर काय जळायचं? हर्षदवर जळणं सोपं होतं.

हर्षद पिलणकर हा संदेशचा शाळेपासूनचा मित्र. बंदरावर त्याचा बर्फाचा टेम्पो होता. गाडीची चावी संदेशने त्याच्याकडे दिली होती. दर रविवारी त्याने यायचं, गाडी चालू करायची, सड्यावर एक फेरी मारून आणायची, धुवायची आणि फोटो पाठवायचे. रविवारी सकाळी तो यायचा, खुर्ची ओढून ओटीवर बसायचा, चहा मागायचा. "संद्याचा काल फोन होता," असं तो सांगायचा, "तासभर बोललो." तासभर! राजश्रीच्या वाट्याला दहा मिनिटं येत आणि त्यातली सहा शेडमध्ये जात.

एकदा तिने सहज विचारलं, "हर्षदभाऊ, मला शिकवाल का चालू कशी करतात ती? तुम्हाला दर रविवारी यायला नको."

तो हसला. "वयनी, ही स्कूटी नाय. फोर बाय फोर हाय. तुम्ही आपला चहा मस्त करता, तो करा."

तिने चहा केला. साखर जरा कमी घातली. तेवढंच हातात होतं.

श्रावण संपता संपता रविवार चुकायला लागले. हर्षदचा सीझन सुरू झाला, बर्फाच्या फेऱ्या वाढल्या. कधी यायचा, गाडी बाहेरून पुसायचा, दोन फोटो काढायचा आणि जायचा. पुढे तर फोटोही जुनेच जायला लागले असावेत, कारण एका कॉलला संदेश म्हणाला, "हर्षदने काल काय चकाचक केलीय गाडी," आणि हर्षद तर पंधरवडाभर फिरकला नव्हता. राजश्रीने तसं सांगून पाहिलं.

"तो आला असेल, तू कामात असशील," संदेश म्हणाला. "हर्षद गाडीला जपतो. तू त्याच्यावर का एवढी खार खातेस?"

खार खात होती हे खरंच होतं.

त्याच आठवड्यात सकाळी केर काढताना तिला शेडमधून खुडबुड ऐकू आली. गाडीच्या पुढच्या चाकापाशी सुपारीच्या सालीचे तंतू आणि चिंध्यांचे तुकडे पडले होते. बॉनेट उघडायचा खटका आतल्या बाजूला असतो हे तिला माहीत होतं, पण दार कुलूपबंद. तिने हर्षदला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग ती स्कूटी काढून बंदरावरच गेली. तो बर्फ फोडत उभा होता.

"चावी द्या," ती म्हणाली.

"कशाला?"

"गाडीत उंदीर शिरलाय."

"मी येतो की रविवारी."

"'रविवारी येतो' हे गेले तीन रविवार ऐकतेय. चावी द्या."

"वयनी, संद्याने माझ्याकडे दिलीय ती."

"गाडी माझ्या खळ्यात हाय," राजश्री म्हणाली. आवाज चढला तसे दोघे-तिघे वळून बघू लागले. हर्षदने खिशातून चावी काढून दिली.

बॉनेट उघडलं तर बॅटरीमागे उंदराने चांगलं घरटं केलं होतं, आणि दोन-तीन वायरी कुरतडून तांब्यापर्यंत आणल्या होत्या. सगुणाबाई मागून वाकून बघत म्हणाल्या, "बाई गो! हितं तर बाळंतपण झालंय." राजश्रीला आधी हसू आलं. मग आत कुठेतरी एक दुष्ट आनंद झाला. हर्षद, तुझी चकाचक गाडी बघ.

तिने कुवारबावकडच्या एका गॅरेजमधून महिपत मेस्त्रीला बोलावलं. वायरिंग दुरुस्त व्हायला अख्खी दुपार गेली, आणि ती दुपारभर त्याच्या बाजूला स्टुलावर बसून राहिली. आधी नुसती लक्ष ठेवायला, नंतर विचारायला. हे काय, ते कशाला, यात पाणी का तेल. मेस्त्री गप्पिष्ट होता, सांगत गेला. बॉनेट शेडमध्ये उघडं ठेवा, म्हणजे उंदराला अंधार मिळत नाही. डांबरगोळ्या टाका. खाऱ्या हवेत खालचा पत्रा आधी जातो, तिथे लक्ष ठेवा. आणि नुसती चालू करून बंद करू नका, त्याने बॅटरी उलट उतरते. गाडी चालली पाहिजे, मधूनमधून पुढची चाकं जोडून चालली पाहिजे.

संध्याकाळी हर्षद आला. चेहरा उतरलेला. ओटीवर न बसता खळ्यातच उभा राहिला.

"संद्याला सांगितलंत?"

"नाय अजून."

"नका सांगू वयनी. तिकडे बोटीवर त्याच्या जिवाला घोर. आणि आमची मैत्री..."

राजश्रीने थोडा विचार केला. संदेशला कळलं तर तो दुसरा कुणी मित्र शोधेल, आणि चावी पुन्हा जाईल. "मी नाय सांगत," ती म्हणाली. "पण चावी माझ्याकडे राहील. मी फोटो तुम्हाला पाठवीन, तुम्ही त्यांना पाठवा."

असा तो सौदा झाला. त्यात आपण काय गमावतोय हे तिला तेव्हा कळलं नाही.

तिने रत्नागिरीत मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. सासूला सांगितलं, बाकी कुणाला नाही. दिवाळीपर्यंत लायसन्स आलं. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी छोटी होती, पिकअपसमोर खेळण्यासारखी. पहिल्यांदा तिने पिकअप शेडमधून काढली तेव्हा मागच्या हौद्याचा कोपरा जाळीला घासला आणि सासू-सुनांनी एकमेकींकडे बघत श्वास रोखला. पण वर सडा होता. मैलभर सपाट कातळ, सुकलेलं गवत, चुकून एखादं जनावर. आदळायला काहीच नाही. तिथे ती सकाळी उन्हं तापायच्या आत जायची आणि गोल गोल फिरवायची. मग चढणीवर. खालच्या गिअरला पुढची चाकं जोडून कातळाच्या पायरीवर गाडी हळूच पाय टाकल्यासारखी चढली, तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. इतकं जड काहीतरी आपलं ऐकतं, हे तिला नवीन होतं.

मग ती गाडीची झाली. किंवा गाडी तिची. सड्यावरून आली की खालून पाणी मारायची, चाकांच्या आतला लाल चिखल बोटांनी काढायची. कुठे गंजाचा फुगा दिसला की पॉलिश पेपरने घासून लाल ऑक्साइडचा हात द्यायची. वाडीतल्या बायका शेडपाशी गप्पा मारायला आल्या आणि कुणी बॉनेटला टेकलं, की तिचं बोलण्यातलं लक्ष उडायचं. ईशाने एकदा काचेवरच्या धुळीत मैत्रिणीचं नाव लिहिलं तर ती तिच्यावर धावली.

"मम्मी, धूळ हाय ती!"

"असू दे. ओरखडे उठतात."

सगुणाबाई म्हणाल्या, "अगदी माझा पोरगा बोलला वाटलं." राजश्रीला ते आवडलं नाही.

फोटो ती हर्षदला पाठवत होती आणि तो पुढे धाडत होता. आणि एका कॉलला संदेश भरभरून बोलला. "काय ठेवलीय गाडी त्याने! चासी बघितलीस? घेतली तेव्हासुद्धा एवढी स्वच्छ नव्हती. राजश्री, असा मित्र मिळायला नशीब लागतं. त्याला घरी जेवायला बोलव एकदा. सुरमई कर."

राजश्रीच्या नखांत तेव्हाही लाल ऑक्साइड होतं. फोन धरलेला हात तिने जरा वर केला, दिसेल म्हणून. त्याला दिसलं नाही.

"बोलवते," ती म्हणाली.

तिने सुरमई केली. हर्षद जेवायला आला, आणि निदान लाज वाटल्यासारखा तरी वागेल अशी तिची अपेक्षा होती. पण संदेशचा कॉल जेवतानाच आला आणि हर्षद तोंडात घास घेऊन सांगू लागला, चासीला कसा हात मारला, डांबरगोळ्यांची युक्ती कशी सुचली. वाढता वाढता राजश्री थांबली. पळीतली आमटी त्याच्या डोक्यावर ओतावी असं तिला मनापासून वाटलं. आपली मेहनत दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना होणारी जळफळ तिने याआधी कधी अनुभवली नव्हती. गाडीवर जळणं त्यापुढे काहीच नव्हतं. त्या रात्री पाठ टेकल्यावर तिला एकच खंत लागून राहिली: सौदा आपणच केला.

मार्चच्या शेवटी संदेशचं साइन ऑफ झालं, बोटीवरची मुदत संपली. तो रेल्वेने रत्नागिरीला उतरणार होता. आदल्या दिवशी हर्षद चावी मागायला आला.

"स्टेशनवर मीच पिकअप घेऊन येणार, असं त्याला बोललोय."

"चावी नाय मिळायची," राजश्री म्हणाली. "तुम्ही टेम्पो घेऊन या हवं तर."

सकाळी तिने तीच अबोली साडी नेसली आणि एकटीच कुवारबावला रत्नागिरी स्टेशनवर गेली. संदेश बॅगा ओढत बाहेर आला. आधी त्याला गाडी दिसली. चेहरा उजळला. मग स्टिअरिंगवरून उतरणारी राजश्री दिसली.

"हर्षद कुठाय?" तो म्हणाला.

नऊ महिन्यांनी समोर उभं राहून बोललेले हे पहिले शब्द. राजश्रीने ते गिळले. "मी आणली गाडी," ती म्हणाली. "शिकले मी."

"तू?" तो हसला. खूश झाला होता, यात खोटं काही नव्हतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "भारीच की! मला बोलली नाहीस ती?" आणि हे म्हणता म्हणता त्याने हात पुढे केला. "दे चावी."

तिने दिली. सवयीने हात पुढे गेला, आणि दिल्यावर कळलं. घरापर्यंत ती डाव्या सीटवर बसली. संदेशचा हात महिनोन्महिने गाडीवर नव्हता. क्लच अर्धवट दाबून त्याने गिअर टाकला की खालून किर्र आवाज यायचा आणि राजश्रीचे दात शिवशिवायचे. भाट्याच्या पुलावर तो खिडकीतून समुद्र दाखवत होता. तिचं सगळं लक्ष त्याच्या डाव्या पायाकडे.

घरी त्याने बॉनेट उघडलं, चासी पाहिली, आणि म्हणाला, "हर्षदला उद्या बोलावतो."

तेव्हा ती सांगू शकली असती. ओठांवर आलं होतं. पण नऊ महिन्यांनी आलेल्या नवऱ्याला पहिल्याच दिवशी मित्राची चहाडी सांगायची, आणि वर 'केलं ते मी केलं' म्हणायचं, हे तिला जमेना. तिला ते त्याने न सांगता ओळखायला हवं होतं.

दोन दिवसांनी सकाळी हर्षद आणि शाळेतले आणखी दोघे आले. कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढायला खाडीत जायचं ठरलं. गाडी घेऊन. राजश्री स्वयंपाकघरात होती. इंजिन सुरू झालेलं तिने ऐकलं, वळण घेतलेलं ऐकलं. चढणीच्या बाजूला नाही, खाली. ती हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली. आवाज खाडीकडे उतरत गेला, चौघांच्या हसण्यासकट. खाऱ्या पाण्याच्या जवळपाससुद्धा तिने गाडी कधी नेली नव्हती. शेड रिकामी होती. तिथे उभं राहून ती ऐकत राहिली, आणि आपण कशासारख्या उभ्या आहोत हे तिच्या लक्षात आलं: नवरा दुसरीला घेऊन फिरायला गेला आणि बायको दारात. फक्त तिला नवऱ्याचा नव्हे, गाडीचा विरह होत होता.

दुपारी ईशाच्या फोनवर हर्षदचा फोन आला. "पप्पांची गाडी खाजणात रुतलीय. वरच्या वाडीच्या भिकाजीला ट्रॅक्टर घेऊन यायला सांग."

खाजण म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा खाडीचा चिखल. वरून सुकलेला दिसतो, आत लोणी. राजश्रीने भिकाजीला फोन केला आणि स्वतः स्कूटीवरून खाली गेली. पुढची दोन्ही चाकं निम्म्याहून जास्त आत होती. भरती लागली होती. पाण्याच्या बारीक जिभा चाकांपर्यंत येऊन परत जात होत्या. संदेश आणि हर्षद गुडघाभर चिखलात उभे राहून, चाकं जोडली होती की नव्हती यावर वाद घालत होते. गाडीच्या हौद्यात कालवांची पोती, खारं पाणी गळत असलेली.

राजश्री चपला काढून चिखलात उतरली. कुणाला काही न बोलता तिने ती पोती एक एक करून खाली फेकली.

"अगो, काय करतेस?" संदेश ओरडला.

"कुणाला विचारून खाली आणलीत?"

"कुणाला विचारायचं? गाडी माझी हाय."

"तुमची?" राजश्रीचा आवाज खाडीपलीकडे गेला असेल. "उंदराने वायरी खाल्ल्या तेव्हा कुणाची होती? चासीला रंग कुणी मारला? खाली झोपून, पाठीला खडे टोचत, कुणी मारला? विचारा तुमच्या मित्राला. माझी सुरमई खाऊन माझंच काम सांगितलंन ना तुम्हाला! सांगा हो हर्षदभाऊ, आता सांगा!"

हर्षद पाण्याकडे बघत राहिला. बाकीचे दोघे कालवं गोळा करायला लागले. संदेशने हर्षदकडे पाहिलं, आणि त्याने वर पाहिलं नाही त्यावरूनच सगळं कळलं.

भिकाजीचा ट्रॅक्टर आला तोवर पाणी गाडीच्या दारापर्यंत चढलं होतं. साखळी एकदा तुटली. दुसऱ्यांदा गाडी ओढली गेली, पचाक् आवाज करत, आणि काठावर येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या प्रत्येक सांध्यातून खाडी गळत होती. राजश्रीला रडू फुटलं. संदेशने ते पाहिलं. त्याच्या बोटीवर जाण्याच्या दिवशीही ती एवढी रडली नव्हती.

संध्याकाळी विहिरीवरचा पंप लावून दोघांनी गाडी गोड्या पाण्याने धुतली. संदेश एका बाजूने गाडीखाली शिरला, ती दुसऱ्या बाजूने. मग संदेश म्हणाला, "मला का नाय सांगितलंस?"

"तुम्ही चावी मला का नाय दिलीत?"

नळीचं पाणी त्याने एकाच जागी धरून ठेवलं होतं.

"घर तुझ्या हातात," तो म्हणाला. "आई तुझं ऐकते, ईशा तुझी. बाग तू बघतेस. मी येतो तेव्हा पाहुणा असतो. टॉवेल कुठाय हे मला विचारावं लागतं. म्हटलं, एक गोष्ट तरी अशी असू दे, की जी राजश्रीची नाय. तिकडे दुसरी चावी उशाखाली ठेवून झोपायचो मी. तुझ्याकडे दिली असती तर तीपण तुझीच झाली असती." थांबून तो म्हणाला, "झालीच की."

राजश्रीला वाटलं होतं तो माफी मागेल, आणि त्यावर काय बोलायचं हे तिने दुपारपासून ठरवून ठेवलं होतं. नऊ महिने ती ज्याच्यासाठी जळत होती, तो तिच्यावर जळत होता. आणि कशावर? पातेल्यांवर, आईच्या गुडघ्यावर, शाळेच्या मीटिंगांवर.

"मला 'टायर दिसत नाय, बाजूला हो' म्हणालात," ती म्हणाली.

"कधी?"

"गणपतीत."

त्याला आठवत नव्हतं. पण तो गाडीखालून बाहेर आला, वळसा घालून तिच्या बाजूला आला आणि चिखलाने माखलेल्या तिच्या पायांवर नळी धरली. "मी असेन तेव्हा सकाळची फेरी माझी," तो म्हणाला. "बाकी तुझी. चालेल?"

"आणि खाडी?"

"खाडी नाय. कधीच नाय."

असं ठरलं तरी ते सरळ चाललं नाही. पेट्यांच्या हंगामात तो गाडी घेऊन गेला की ती अंगणात उभी राहून चढणीवरचे गिअर मोजायची, आणि ती गेली की तो उगाच शेड झाडत बसायचा. एकदा टायरच्या हवेवरून दोघं दिवसभर बोलत नव्हती. हर्षद महिनाभर आला नाही. मग एकदा बर्फाची लादी घेऊन आला, ओटीच्या पायरीवरच बसला, आणि राजश्रीने त्याला चहा दिला. संदेश त्याच्याशी बोलला, पण पूर्वीसारखं तासभर नाही. हे बघून तिला बरं वाटलं आणि आपल्याला बरं वाटावं याचं वाईटही वाटलं.

जूनमध्ये पुन्हा जॉइनिंग आलं. स्टेशनपर्यंत तिने गाडी त्यालाच चालवू दिली. किर्र आवाज दोनदा झाला, दोन्ही वेळा ती खिडकीबाहेर बघू लागली. फलाटावर तो म्हणाला, "पुढच्या वेळी तूच ये न्यायला," आणि डब्यात चढला. रेल्वे हलली तशी राजश्री हमसून हमसून रडली, लोकांची पर्वा न करता.

डोळे पुसत ती बाहेर आली, पिकअपमध्ये बसली. संदेश उंच, सीट मागे सरकवलेली, आरसा वर वळवलेला. तिने खटका ओढून सीट पुढे घेतली, आरसा आपल्या नजरेला लावला, पाय क्लचवर नीट बसला तसं तिला आतून हलकं वाटलं. गाल अजून ओले होते. आपल्याला हलकं का वाटतंय हे तिला कळत होतं, आणि थोडी शरमही वाटली, पण फार नाही. कलमांना खत घालायचं होतं. गोण्या उचलायला ती मारुती मंदिरापाशी असलेल्या खताच्या दुकानाकडे निघाली.